समासातल्या खुणा

मराठीत ‘समास’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. शाळेत व्याकरणाच्या तासाला तत्पुरुष आणि बहुव्रीही होऊन तो छळतो. दासबोध उघडला की प्रत्येक दशकाच्या पोटात दहा समास असतात, वीस दशकांचे मिळून दोनशे. आणि तिसरा म्हणजे वहीच्या डाव्या बाजूला पट्टीने रेघ मारून सोडायचा तो. आजचं लिखाण या तिसऱ्या समासाबद्दल आहे. व्याकरणाच्या धास्तीने पान बंद करू नका.

निमित्त झालं भाचीच्या प्रबंधाचं. ती अंबरनाथला असते आणि वालधुनी नदीच्या पाण्यावर तिचं काम चाललंय. वालधुनी म्हणजे आपल्या शिवमंदिराच्या अंगाने वाहत उल्हासनगरातून कल्याणकडे जाते ती. (रेल्वेच्या खिडकीतून तिला नाला म्हणणारे पुष्कळ आहेत. नदीच आहे ती.) मामाला दुसऱ्याच्या चुका काढायची हौस, शिवाय बदलापूर म्हणजे एकच स्टेशन पुढे, म्हणून खर्ड्याचे दीडेकशे कागद माझ्याकडे आले. उघडून बघतो तर समासात जागोजागी बारीक टाइपातली, चौकटीत बसवलेली अक्षरं. ‘तक्ता:देऊळ-पावसाळा’. ‘आकृती:विठ्ठलवाडी-पूल’. ‘प्रकरण:जुनी-मोजणी’. लिपी रोमन, पण भाषा आपली. ताईला वाटलं की गाईडने शेरे मारलेत. फोनवर भाचीने खुलासा केला, “मामा, ती लेबलं आहेत. शेवटच्या प्रतीत नसतील. तुम्ही तिकडे लक्ष नका देऊ.”

लक्ष देऊ नका म्हटल्यावर ते जाणारच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाची ‘लाटेक’ नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिते. गणित आणि विज्ञानवाल्या मंडळींत ती फार चालते. तिच्यात लेखकाने ‘तक्ता ४.७ पाहा’ असा आकडा हाताने लिहायचाच नसतो. तक्त्याला मनाने एक नाव द्यायचं आणि मजकुरात ‘अमुक नावाचा तक्ता पाहा’ असं सांगायचं. आकडा यंत्र घालतं. मध्ये एक नवीन तक्ता घुसला की चारला सात होता तो चारला आठ होतो, आणि जिथे जिथे त्याचा उल्लेख असेल तिथेही आपोआप आठ होतो. त्यासाठी यंत्र संबंध मजकुरावरून दोनदा फिरतं. पहिल्या फेरीत नावं आणि आकडे एका बाजूच्या वहीत टिपून ठेवायचे, दुसऱ्या फेरीत ते वहीतून उचलून जागच्या जागी बसवायचे. नाव सापडलं नाही तर तिथे ‘??’ असं छापून मोकळं होतं. दोन प्रश्नचिन्हं, शेजारी शेजारी.

आता गंमत अशी की छापलेल्या कागदावर फक्त आकडा दिसतो, नाव दिसत नाही. नाव लेखकाच्या फायलीत. दहा महिन्यांनी चाळीस तक्ते झाले की आपण कुठल्या तक्त्याला काय म्हटलं होतं हे ब्रह्मदेवालाही आठवणार नाही. म्हणून ही नावं खर्ड्याच्या समासात छापून दाखवणारी छोटी पॅकेजेस लोकांनी लिहिली. डेव्हिड कार्लाइल यांचं ‘शोकीज’, नॉर्मन ग्रे यांचं ‘शोलेबल्स’. ‘शोकीज’ तर समासात नाव छापतंच, शिवाय मजकुरात जिथे उल्लेख आलाय तिथे आकड्याच्या डोक्यावरही बारीक अक्षरांत ते नाव टाकतं. काम संपलं की एक शब्द बदलायचा, सगळं नाहीसं.

याचा उपयोग काय ते मला तिसऱ्याच प्रकरणात कळलं. ‘पावसाळ्यात प्रदूषण पातळ होते (तक्ता ३.४)’ असं एक वाक्य होतं. वाक्य गुळगुळीत, आकडाही नीट, प्रश्नचिन्हं वगैरे नाहीत. पण आकड्याच्या डोक्यावर नाव होतं ‘देऊळ-उन्हाळा’. रसायनशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. त्या तक्त्यातले आकडे कशाचे हे मला आजही सांगता येणार नाही. पण पावसाळ्याच्या वाक्यावर उन्हाळा बसलाय एवढं कुणालाही दिसेल. यंत्राने ते पकडलं नसतं, कारण त्याच्या लेखी नावही होतं आणि आकडाही होता. परीक्षकाच्याही हातून सुटलं असतं. समासातली खूण काढून टाकलेल्या प्रतीत ती चूक तशीच कपाटात गेली असती. पुढे कुणी वालधुनीवर लिहिताना ‘अमुक यांनी दाखवल्याप्रमाणे’ म्हणून ती उचलली असती, हेही आलंच.

तेव्हापासून डोक्यात हा समासच फिरतोय. आपल्याकडे हे काम आधी कसं व्हायचं?

जुन्या पोथ्यांची पानं सुटी असतात, शिवलेली नसतात. वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल. म्हणजे रुमाल सुटला, वारा आला, की ज्ञानेश्वरी आणि व्रतकथा एकमेकींत मिसळल्या. त्यावर लेखकूंनी (पोथी उतरवून काढणाऱ्याला लेखकू म्हणत) उपाय काढला होता. पानाच्या मागच्या बाजूला, डाव्या समासात वरच्या अंगाला ग्रंथाच्या नावाची दोन-तीन अक्षरं आणि त्याखाली पानाचा आकडा. उजव्या समासात खालच्या अंगाला पुन्हा आकडा, आणि बहुधा त्याच्यावर ‘राम’ किंवा ‘गुरु’. देवाचं नावही झालं आणि कामही झालं. मोजणी पृष्ठांची नसायची, पानांची असायची. दोन्ही बाजू मिळून एक आकडा. विखुरलेल्या ढिगातून एक पान उचललं तरी ते कुठल्या पोथीचं आणि कितवं हे समासच सांगायचा.

दुरुस्त्याही समासातच. लिहिताना एखादा शब्द गळला तर त्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि गळलेला शब्द समासात. पण समासातला शब्द कुठल्या ओळीतला हे कसं कळणार? म्हणून शब्दाच्या शेजारी ओळीचा आकडा, वरून किंवा खालून मोजून. झालं की नाही लेबल? आणि चुकून जास्तीचं लिहिलं गेलं तर त्यावर हरताळ फासायचा. हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचं एक विषारी खनिज. त्याचा लेप अक्षरांवर दिला की खालचं लिखाण झाकतं. आश्वासनांना हरताळ फासला असं आपण रोज पेपरात वाचतो, ते इथून आलेलं आहे. (दुकानं बंद ठेवायचा हरताळ वेगळा. तो हाटाला, म्हणजे बाजाराला, ताळा लावण्यातून आलेला.)

इथे एक विषयांतर करतो, पण ते मुळात विषयांतर नाही. वारकरी माणसाला अभंगाचा संदर्भ विचारा. तो आकडा सांगणार नाही. तो अभंगाचे पहिले दोन-तीन शब्द म्हणेल आणि शेजारचा टाळकरी पुढचा अभंग उचलेल. अभ्यासकांची मात्र आकड्यावाचून पंचाईत. तुकोबांच्या गाथेची सरकारी मदतीने काढलेली प्रत इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित हे तिचे संपादक. तिथे अभंगांना एक क्रम मिळाला. पुढे जोगमहाराजांची सार्थ गाथा आली, देहूची आली, आणखी आल्या. प्रत्येकीचा क्रम वेगळा. त्यामुळे ‘अभंग क्रमांक अमुक’ एवढंच लिहिलेला संदर्भ, कुठली गाथा हे सांगितल्याशिवाय कुचकामाचा असतो. ज्ञानेश्वरीचंही तेच. राजवाडे प्रत आणि साखरे प्रत समोरासमोर ठेवा, ओव्यांचे आकडे जुळत नाहीत. कारण कुणी ओवी घेतली, कुणी गाळली. एक ओवी सरकली की मागून येणाऱ्या सगळ्या सरकतात, अगदी भाचीच्या तक्त्यांसारख्या. वारकऱ्याचे पहिले दोन शब्द मात्र सरकत नाहीत. आकडा म्हणजे आज ती गोष्ट कुठे उभी आहे, आणि नाव म्हणजे ती कोण आहे. माझ्या मते या बाबतीत टाळकरी विद्यापीठांच्या पुढे आहेत.

छापखाना आला आणि खिळे जुळवायचं काम सुरू झालं तेव्हा ही अडचण निराळ्या रूपात आली. पुस्तकाची आधी गॅली निघते, म्हणजे पानं न पाडलेला सलग लांबलचक मजकूर. ‘पाहा पृष्ठ अमुक’ असं लेखकाला लिहायचं असतं, पण पानंच पडलेली नाहीत तर आकडा कुठून आणणार? म्हणून तिथे ‘पाहा पृष्ठ ०००’ असं जुळवून ठेवत. पानं पडल्यावर मुद्रितं वाचणाऱ्याने समासात खूण करून एकेक शून्य भरून काढायचं. लाटेकच्या दोन प्रश्नचिन्हांचे हे आजोबा. जुनी पुस्तकं चाळायची सवय असेल तर तुम्हालाही कधी ना कधी अशी भरायची राहिलेली शून्यं भेटली असतील. एका चरित्रग्रंथात (नाव सांगत नाही, बिचाऱ्यांनी बाकी पुस्तक फार नेटकं काढलंय) नायकाच्या लग्नाची हकीकत ‘पृष्ठ ०००’ वर आहे. मी अजून त्या पृष्ठाच्या शोधात आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. समासाचा सगळ्यात मोठा, सगळ्यात चिवट उपयोग ज्यांनी केला ती माणसं आपल्या पुण्याची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. ते संपलं १९६६ साली. सत्तेचाळीस वर्षं. देशभरातून, देशाबाहेरूनही हस्तलिखितं मिळवायची, ती अक्षराला अक्षर ताडून पाहायची, आणि सगळ्यांच्या मागे असलेली जुन्यात जुनी संहिता कोणती ते ठरवायचं, असं ते काम. तपासलेल्या हस्तलिखितांचा आकडा १२५९ सांगितला जातो. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या. एका माणसाला या सगळ्या येणं शक्य नाही. म्हणून शांतिनिकेतनात आणि तंजावरला वेगळी ठाणी उघडून तिकडच्या लिप्यांच्या प्रती तिथे ताडल्या गेल्या.

हे काम करायची रीत मला फार आवडते. एकेका श्लोकासाठी एक आखलेला मोठा कागद. वरच्या बाजूला रूढ पाठातला श्लोक, अक्षर अक्षर सुटं करून, एकेका चौकटीत. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला एक आडवी ओळ आणि ओळीपाशी त्या हस्तलिखिताची खूण. पाठ वरच्यासारखाच असेल तर चौकट कोरी सोडायची. वेगळा असेल तेवढंच अक्षर भरायचं. कागदाकडे नुसतं पाहिलं तरी कुठे एकमत आहे आणि कुठे भांडण आहे ते डोळ्यांना दिसावं. संगणकावर आज आपण तक्ते आखतो ते दुसरं काय असतं?

खुणांचीही एक शिस्त होती. शारदेतल्या प्रतीला एक अक्षर, काश्मीरच्या परंपरेतल्या देवनागरी प्रतींना दुसरं, नेपाळीला तिसरं, असं करत शेवटी मल्याळम. खुणेपुढे त्या गटातला प्रतीचा अनुक्रमांक. देवनागरी प्रतींतही नीलकंठाची टीका असलेल्यांना त्याच्या नावाचं एक वेगळं अक्षर जोडलेलं. (हा नीलकंठ चतुर्धर म्हणजे मूळचा कोपरगावकडचा, सतराव्या शतकात काशीला राहून ज्याने सबंध महाभारतावर टीका लिहिली तो. आपलाच माणूस.) म्हणजे दोन अक्षरांची खूण पाहून ती प्रत कुठल्या लिपीतली, कुठल्या घराण्यातली हे जाणकाराला कळतं. भाचीचं ‘देऊळ-पावसाळा’ वाचून मला कळलं तसंच.

पहिला छापील खर्डा निघाला १९२३ साली. नारायण बापूजी उटगीकरांनी विराटपर्व तात्पुरत्या स्वरूपात छापून जगभरच्या विद्वानांपुढे अभिप्रायासाठी ठेवलं. काम कच्चं आहे, सांगा काय वाटतं ते, असं म्हणून छापलेलं पर्व. आपल्याकडे खर्डा लपवायची पद्धत असताना हे मला मोठं धाडसाचं वाटतं. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. त्यांनी पुष्कळ गोष्टी नव्याने बसवल्या आणि आदिपर्व १९३३ पर्यंत पुरं केलं. १९४३ च्या जानेवारीत ते गेले. मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर, त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य.

आता समास. संहिता नव्याने ठरवली म्हटल्यावर शेकडो श्लोक मूळ मजकुरातून बाहेर गेले आणि सगळे आकडे बदलले. पण तोवर जगभरच्या विद्वानांनी शंभर वर्षं जुन्या छापील प्रतींचे आकडे देऊन ग्रंथ लिहिले होते. कलकत्त्याची १८३४ ते १८३९ ची प्रत, मुंबईची नीलकंठी प्रत, दक्षिणेत कुंभकोणमची प्रत. सोरेन्सन नावाच्या डॅनिश पंडिताने महाभारतातल्या नावांची अवाढव्य सूची केली होती, तीही मुख्यतः कलकत्ता प्रतीच्या आकड्यांवर. नवी आवृत्ती हाती घेणाऱ्याला हे सगळं जुनं काम निरुपयोगी झालं असतं. म्हणून संपादकांनी पानाच्या समासात बारीक टाइपात तीन ओळी छापल्या: कलकत्ता प्रतीत हा श्लोक कितवा, मुंबई प्रतीत कितवा, कुंभकोणम प्रतीत कितवा. वाचणाऱ्याला नको असेल तर त्याने तिकडे बघू नये. हवं असेल त्याला जुन्या घरचा पत्ता तिथे आहे.

म्हणजे जी खूण भाची सादर करायच्या प्रतीतून पुसणार, तशीच खूण भांडारकरच्या मंडळींनी पक्क्या प्रतीत ठेवली. तेवढ्यावरही ते थांबले नाहीत. संहितेतला जो पाठ पुरेसा खात्रीचा वाटला नाही त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. सत्तेचाळीस वर्षं घालवून तयार केलेल्या ग्रंथात, ‘इथे आम्हाला शंका आहे’ हे वाचकाला शब्दाशब्दाखाली सांगितलं. बाहेर काढलेले श्लोकही फेकले नाहीत. छोटे होते ते पानाच्या तळाशी, तारा लावलेल्या स्वतंत्र आकड्यांनी. मोठे होते ते परिशिष्टात. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय ही आपल्या सगळ्यांच्या लाडकी गोष्ट आदिपर्वाच्या परिशिष्टात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली आहे. मूळ संहितेत ती नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा घरात आईला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. पण ती गोष्ट कुठून काढली, कुठल्या प्रतींत ती आहे आणि कुठल्या नाही, हे सगळं खुणांनिशी तिथे लिहिलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्याने तपासावं. मला विचाराल तर प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

लाटेकच्या जन्माची कथाही मुद्रितांपासूनच सुरू होते. अमेरिकेतले डोनाल्ड नुथ यांच्या जाडजूड ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. पहिली खिळ्यांवर जुळवलेली होती, नवी फोटोच्या तंत्राने जुळवली. १९७७ साली गॅली हातात आली आणि ती त्यांना बघवेना. आपलं पुस्तक असं दिसणार असेल तर नको, म्हणून त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. पुढच्या वर्षी ‘टेक’ची पहिली आवृत्ती चालायला लागली. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक रचलं, त्यांचं पुस्तक १९८६ चं. नावाने हाक मारा, आकडा मी घालतो, ही सोय लाखो लोकांच्या हाती आली ती लाटेकमुळे. देवनागरीसाठी हॉलंडमधल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये टेकवर चालणारा टाइप आणि जोडप्रणाली तयार केली. आता युनिकोड आल्यावर थेट मराठीत लिहिता येतं, लेबलसुद्धा. मी भाचीला म्हटलं, नावं देवनागरीतच दे की. तिने देऊन पाहिली. समासात रिकाम्या चौकोनांची रांग उमटली, कारण तिथे लागणाऱ्या टाइपात आपली अक्षरं नव्हती. टाइप बदलून ते जमतं म्हणे, पण तिला सादर करायची घाई आहे.

हे सगळं पुण्याचं आणि परदेशाचं झालं. आपल्या दारात काय आहे?

अंबरनाथचं देऊळ आहे, आणि देवळात शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा. लेखात त्याचं नाव माम्वाणि असं येतं. देवळाच्या काळाचा सगळा हिशेब या लेखातल्या सालावर उभा आहे. पहिल्या वाचनात ते साल शके ७८२ लागलं, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो आकडा ९८२ असा वाचला, म्हणजे १०६०. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं. शिलाहारांच्या वंशावळीत मुम्मुणी जिथे बसतो तिथे १०६० च जुळतं आणि आज सगळे तेच मानतात.

दगडावर समास नाही आणि ओळींना आकडेही नाहीत. कोरणाऱ्याला त्याची गरज नव्हती. पण शिलालेख छापायची जी पद्धत आपल्याकडे रुळली, तिच्यात दगडावरची ओळ जिथे तुटते तिथेच छापील ओळ तोडतात आणि डाव्या बाजूला तिचा आकडा घालतात. वासुदेव विष्णु मिराशींनी शिलाहारांचे लेख एकत्र करून १९७७ साली जो ग्रंथ काढला तोही याच पद्धतीचा. त्यामुळे दोन विद्वान भांडले तरी दोघांचंही बोट दगडावरच्या एकाच ओळीवर असतं. ‘सालाचा तो आकडा’ असं मोघम म्हणून भागत नाही. सात की नऊ हे बघायला तिसऱ्याला देवळात जाऊन तीच ओळ शोधता येते. लेख काळाच्या ओघात झिजणार, तेव्हा तर त्या शेजारच्या आकड्यांची किंमत आणखीच वाढणार.

आणि उल्हासनगर. त्याला वगळून पुढच्या स्टेशनावर जाणं मला शक्य नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा तात्पुरता तळ होता, कल्याण कॅम्प. त्याचे पाच भाग, एक ते पाच. बराकींना नंबर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत उतरवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि वसाहतीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. खर्डा संपला, पक्की प्रत निघाली. पण समासातल्या खुणा पुसायचं कुणाला सुचलं नाही, की जमलं नाही, कोण जाणे. कितीतरी ठिकाणी बराक जाऊन तिच्या जागी इमारत उभी राहिली, इमारतीला देवाचं नाहीतर आजोबांचं नाव मिळालं, तरी पत्त्यात ‘बॅरक नंबर’ आहेच. त्याच्यापुढे सेक्शन, त्याच्यापुढे कॅम्पचा आकडा. लष्कराच्या कुणा कारकुनाने सोयीसाठी घातलेले आकडे लग्नपत्रिकांवर सोनेरी शाईत छापले जातात.

नव्या माणसाला याचा जाच वाटतो. मला नाही वाटत. कुठलं कुटुंब कुठल्या बराकीत पहिल्यांदा उतरलं हे त्या आकड्याशिवाय आता कशावरून कळणार? विठ्ठलवाडीला उतरून रिक्षात बसलात तर आधी कॅम्पचा आकडा सांगा आणि मग चौकाचं नाव. नुसतं उल्हासनगर म्हणालात तर रिक्षावाला मीटरला हातही न लावता मागे वळून विचारेल, “कौनसा कॅम्प?”